टोपीतून निघालेला संघ

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. उन्हात घालायची कापडी टोपी नव्हे. कोळशाच्या खाणीत उतरताना डोक्यावर ठेवतात ती, पिवळी, टणक, पुढे बत्ती अडकवायला खोबण असलेली. दुकानात मला हेल्मेट म्हणतात. घुग्घुसला खाणीतली माणसं टोपीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. सध्या एका घराच्या मागच्या अंगणात मी खिळ्याला उलटी टांगलेली आहे आणि माझ्या पोटात कपडे वाळत घालायचे चिमटे आहेत. माझी तक्रार आहे, पण ती चिमट्यांबद्दल नाही.

एका कारखान्यात वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून मला घडवलं. खोक्यात बसून मी खाणीच्या भांडारात आले आणि गुणवंतरावांच्या वाट्याला गेले. लोखंडी पहारीने खाणीचं छत ठोकून पाहणं हे त्यांचं काम होतं. आवाज भरीव आला तर बाकीच्यांनी पुढे यायचं, पोकळ आला तर तो भाग आधी पाडून घ्यायचा. त्यामुळे सगळ्यांच्या आधी पुढे जायचे ते गुणवंतराव, आणि त्यांच्याही आधी मी. घामाने माझा पट्टा कडक झाला. कोळशाची पूड माझ्या ओरखड्यांमध्ये कायमची बसली. ते दिवस मला आवडायचे.

एके दिवशी ठोकता ठोकता एक ढेकूळ सुटलं आणि माझ्यावर आदळलं. माझ्या माथ्याला चीर गेली. त्यांच्या कपाळाला साधं खरचटलंही नाही. मार खाल्लेली टोपी पुन्हा घालायची नाही, असा खाणीचा नियम आहे. भांडारातून त्यांना नवी मिळाली. मला मात्र ते मागून घेऊन घरी आले.

"डोकं घेऊन आले ते बेस झालं," त्यांची बायको गिरजाबाई म्हणाली, "फुटकी टोपी कायले आणली?"

"डोकं हिनंच आणलं," गुणवंतराव म्हणाले.

घरात मी काय करणार होते? काही दिवस लसणाच्या गड्ड्या सांभाळल्या. मग एका रविवारी मला खरं काम मिळालं.

गुणवंतरावांना क्रिकेटचं वेड होतं, तेही कसोटीचं. त्यांचा हिशोब साधा होता. वीस षटकांचा सामना ज्याची ड्यूटी आड येईल त्याच्या हातून सुटतो. कसोटी पाच दिवस चालते. तुम्ही सकाळी खाली उतरा, दुपारी उतरा नाहीतर रात्री उतरा, तिचा कुठला ना कुठला तुकडा तुमच्यासाठी उरतोच. "हा खेळ आपल्यासाठीच काढला हाय," ते म्हणायचे. त्यांच्यासोबत खाली उतरणारे तिघे याच मताचे होते. बोलण्यात पुढे असलेला प्रफुल, सिरोंच्याकडचा लच्छू आणि वयाने सर्वांत लहान अंकुश.

या चौघांनी एक खेळ बसवला होता. जगातल्या कुठल्याही देशाच्या चालू कसोटी खेळाडूंमधून प्रत्येकाने अकरा जण निवडायचे. एक खेळाडू एकाच्याच संघात. मग येत्या महिन्यात जिथे जिथे कसोटी असेल तिथल्या धावा आणि बळी मोजायचे. पहिलं नाव कोणी घ्यायचं ते चिठ्ठ्यांवर ठरे, आणि त्या चिठ्ठ्या माझ्या पोटात पडत. पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत आधी. हरणाऱ्याने पुढच्या रविवारी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची तळलेली वडी, आणायची. एवढीच हारजीत.

नियम मात्र कडक होते आणि ते गुणवंतरावांचे होते. चारही चिठ्ठ्या काढून वाचल्याशिवाय निवड सुरू करायची नाही. तोंडातून निघालेलं नाव परत घ्यायचं नाही. एकदा अंकुशने नुसतं विचारलं, "लायन अजून उरला हाय का?"

"उरला होता," गुणवंतराव म्हणाले. "आता तुझा झाला."

"भाऊ, मी इचारून राह्यलो होतो. मले रबाडा पाह्यजे होता."

"मंचिदी, मंचिदी," लच्छू मांडी थोपटत म्हणाला. फार बरं वाटलं की त्याच्या तोंडून तेलुगू निघे. "रबाडा मी घेतो."

गिरजाबाई स्वयंपाकघरातून ऐकवायची, "इतका इचार पोरीचं नाव ठेवताना नाई केला यायनं."

ती पोरगी म्हणजे दिव्यानी. ती वडिलांच्या पाठीशी बसून सगळं ऐके. मोठी झाली, चंद्रपूरला कॉलेजात शिकवू लागली, तरी निवडीच्या रविवारी बस पकडून येई. खेळात तिला कोणी घेतलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. पण नाव घेण्याआधी गुणवंतराव मान जराशी मागे वळवत आणि ती हळूच काहीतरी बोले. प्रफुलला ते खटकायचं. "भाऊ, तुमी बारा जणांची टीम खेळता," तो म्हणायचा. गुणवंतराव हसायचे. कधी जिंकायचे, पुष्कळदा हरायचे, आणि हरले की दोन दिवस घरात कोणाशी धड बोलायचे नाहीत. मित्रांनो, हरल्यावर ज्याला राग येतो तोच खरा खेळत असतो, हे मी तेव्हा शिकले.

मग त्यांची किडनी गेली. चंद्रपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. आठवड्यातून दोनदा सुई टोचून रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. डोक्यावर मी असताना ज्या माणसाला कशाची भीती नव्हती, त्याला आता मोरीपर्यंत जायला दिव्यानीचा खांदा लागे. शेवटी शरीर तेही सोसेना. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दिव्यानीने रजा टाकली.

त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली. "या खेपेची टीम निवडून होऊ दे. पोट्टे इथी येतील का, इचार."

पोट्टे आले. तिघेही. हातात फळांची पिशवी, चेहरे पडलेले. गुणवंतरावांनी खाटेवर उशी उभी करून घेतली आणि मला समोर ठेवायला सांगितलं. चिठ्ठ्या प्रफुलने घरूनच करून आणल्या होत्या. त्या माझ्यात पडल्या तशा मी वाचल्या. माझ्या पोटात पडलेलं मला दिसतंच. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते.

"भाऊ, तुमीच काढा," प्रफुल म्हणाला.

त्यांनी काढली. "गुणवंतराव," त्यांनी वाचलं आणि हसले. किती दिवसांनी हसले. पहिला नंबर म्हणजे बुमराह, हे त्या घरात कोणाला सांगायला नको होतं.

"चला, भाऊचा पहिला नंबर," म्हणत प्रफुलने मला उचलायला हात पुढे केला. "बाकीचं आपण असंच ठरवू."

"असंच काऊन? चारही निघू दे."

"राहू द्या ना भाऊ."

"टोपी खाली ठेव."

त्यांनी दुसरी काढली. गुणवंतराव. तिसरी. चौथी. चारही चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं. त्यांनी त्या चादरीवर एकाखाली एक मांडल्या. लच्छू उठून खिडकीपाशी गेला. अंकुश खाली मान घालून चहाची कपबशी फिरवत बसला.

"तुमाले बरं वाटावं म्हणून," प्रफुल म्हणाला. "आमी काही वाईट केलं का भाऊ?"

"मी अजून मेलो नाई, प्रफुल."

"असं नका बोलू."

"मंग पुन्हा टाक चिठ्ठ्या. खऱ्या टाक. शेवटचा नंबर आला तरी चालते मले."

पुन्हा टाकायला किती वेळ लागला असता? चार कागद फाडायचे, चार नावं लिहायची. पण प्रफुलने घड्याळ पाहिलं. अंकुशची दुपारची ड्यूटी होती. पुढच्या रविवारी नक्की बसू, म्हणत ते उठले. चहा अर्धा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. दुपारी दिव्यानीच्या फोनवर प्रफुलचा निरोप आला. त्या तिघांनी ॲपवर निवड उरकली होती आणि गुणवंतरावांचा संघही त्यांनीच भरून दिला होता. बुमराह, रूट, कमिन्स, पंत, सगळे एकाच संघात. खाली लिहिलं होतं, "भाऊ, तुमची टीम लय भारी. तुमीच जिंकणार."

दिव्यानीने ते वाचून दाखवलं नाही. पण गुणवंतराव पाहत होते, म्हणून फोन त्यांच्या हातात द्यावा लागला. त्यांनी वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"ही टीम नाई," ते म्हणाले. "ही मयतीची फुलं हायत."

गिरजाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. दिव्यानीने मला फळीवरून काढलं, जुन्या कॅलेंडरचा कागद फाडला आणि दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर बाबा, एकीवर स्वतःचं नाव. दोन्ही उघड्या धरून त्यांना दाखवल्या, मग घड्या घातल्या आणि मला त्यांच्या हाताखाली धरलं.

चिठ्ठी निघाली दिव्यानीची.

मित्रांनो, तो क्षण मी जवळून पाहिला आहे. पहिला नंबर तिचा होता. बुमराह तिच्या ओठांवर होता आणि ती त्याला गिळू पाहत होती. दुसरं कुठलंही नाव घेतलं असतं तर बुमराह त्यांना मिळाला असता. त्यांना हे तिच्या तोंडावरून कळलं.

"माझ्यासाठी ठेवशील तर टोपी उचल अन् ने," ते म्हणाले. "त्यायच्यात अन् तुझ्यात काही फरक ऱ्हाऊ दे."

"बुमराह," दिव्यानी म्हणाली.

"हं. आता बसलो खेळाले." त्यांनी उशी सारखी करून घेतली. "रूट. अन् कमिन्स."

खेळ मग खरोखर सुरू झाला. त्यांना धाप लागे, ते थांबत, पाण्याचा घोट घेत आणि नाव घेत. ती जडेजा घेई, ते स्टोक्स घेत. तिने जयस्वाल घेतला तेव्हा त्यांनी "च्च" केलं आणि कपाळाला हात लावला. मग तिचा डोळा असलेला पंत त्यांनी उचलला आणि ती चिडली. खरंच चिडली.

"बाबा, तो मी घेणार होते."

"मंग आधी काऊन नाई घेतला?"

"मला वाटलं तुम्ही कीपर शेवटी घ्याल. नेहमी शेवटीच घेता."

"तेच तुले वाटावं म्हणून इतके वर्ष शेवटी घेत होतो."

ती हसली आणि तेही हसले. खाटेशेजारी औषधांचा वास होता, दाराशी गिरजाबाई उभी होती, आणि तेवढा वेळ त्या खोलीत कोणी आजारी नव्हतं.

महिनाभर थांबण्याइतका वेळ नव्हता, म्हणून लगेच होणाऱ्या कसोट्याच मोजायच्या ठरल्या. त्या सुरू झाल्या. दिव्यानी त्यांच्या कानाशी फोन धरून समालोचन ऐकवी आणि बोटांवर गुण मोजी. एकही धाव तिने इकडची तिकडे केली नाही. त्यांनी डोळे मिटलेले असले तरी अधूनमधून विचारत, "कोण पुढं?" आणि ती खरं ते सांगे. त्या संपल्या तेव्हा दिव्यानी पुढे होती. पुष्कळ पुढे. तिने तेही सांगितलं.

"हरलो का?"

"हो बाबा."

"च्यायला," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळपर्यंत ते तिच्याशी बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात ते गेले.

तेराव्याला अंगणात पंगत बसली. प्रफुल, लच्छू, अंकुश तिघेही होते. कोणीतरी गुणवंतरावांच्या क्रिकेटची गोष्ट काढली आणि प्रफुल सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागला. "शेवटची टीम आमी त्यायले अशी बनवून देली, की हरतच नव्हते. जिंकूनच गेला आमचा भाऊ. तेवढं तरी आमच्या हातून झालं." पाहुणे माना डोलवत होते. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

दिव्यानी वरणाची बादली घेऊन वाढत होती. ती प्रफुलच्या पानापाशी थांबली.

"बाबा हरले, काका," ती म्हणाली. "माझ्याशी. खूप मोठ्या फरकाने हरले आणि माझ्यावर रागावले."

प्रफुलने वर पाहिलं. तिने त्याच्या पानात वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली.

मित्रांनो, त्यानंतर कोणी माझ्यात चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. ते तिघे अजून फोनवर खेळतात म्हणे. दिव्यानी येते, आईचे कपडे वाळत घालते, माझ्यातले चिमटे काढते आणि संध्याकाळी परत टाकते. क्रिकेटचं नाव काढत नाही. ती जिंकली होती, आणि असं जिंकणं मिरवता येत नाही.

तुम्ही लहान आहात. कधीतरी तुमच्या घरातही कोणी खाटेवर पडेल. लोक फळं घेऊन येतील आणि हळू आवाजात बोलतील. तुम्ही मात्र पत्ते, कॅरम, जे त्यांना आवडत असेल ते घेऊन बसा. सोडून देऊ नका, सोपं करू नका, मुद्दाम हरू नका. चिरा गेलेल्या वस्तू लोक फेकून देतात, त्याचं मला आता फारसं वाटत नाही. पण श्वास चालू असलेल्या माणसाला खेळातून उठवू नका. त्याचा नंबर आला की थांबा, आणि त्याला स्वतःच्या तोंडाने नाव घेऊ द्या.