मागच्या डाव्या कोपऱ्यातला स्पीकर

मित्रांनो, गाणं ऐकताना तुम्ही समोरच्या स्पीकरकडे पाहता. मी पाठीमागचा. गारखेड्यातल्या एका छोट्या स्टुडिओत, मागच्या डाव्या कोपऱ्यात, लोखंडी स्टँडवर माझा मुक्काम असतो. वय झालं आहे, जाळीला एक पोचा आहे, पण आवाज अजून स्वच्छ आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही पाच भावंडं होतो. तिघं समोर बसायची, दोघं मागे. पहिला स्टुडिओ काही वर्षांनी बंद पडला आणि प्रेरणाने आम्हा पाचही जणांना आपल्या घरातल्या या स्टुडिओत आणलं. प्रेरणा ही देवगाव रंगारीच्या एका शेतकऱ्याची मुलगी, ध्वनीचं काम शिकलेली. पहिल्याच दिवशी माझी धूळ पुसून ती म्हणाली, "तुझ्यावाचून खोली अर्धीच वाजते." माझं एवढं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं.

पण काम यायचं ते लग्नातल्या गाण्यांचं आणि जाहिरातींचं. त्याला समोरचे दोघेच पुरतात. महिनोनमहिने मी गप्प असायचो. माझ्या डोक्यावर ओला टॉवेल वाळायचा.

मग मिहिर आला. तो मुलांसाठी नाटकं बसवतो. त्याच्या नव्या नाटकात हरवलेल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा प्रेक्षकांच्या मागून, डावीकडून वाजणार होती आणि त्याच बाजूच्या दारातून नटी कंदील घेऊन धावत येणार होती. "पोरं माना वळवतील तिथंच ती दिसली पाहिजे," तो म्हणाला. "बाजू चुकली तर अख्खा प्रवेश पडला समजा."

प्रेरणाने नव्या कॉम्प्युटरवर काम सुरू केलं. स्क्रीनवर एक चौकोनी खोली असते आणि तिच्या मधोमध ऐकणारा. आवाजाचा ठिपका जिकडे सरकवावा तिकडून आवाज येतो. पण त्याआधी कुठल्या आवाजाने कुठल्या स्पीकरकडे जायचं, ती वाट आखून द्यावी लागते. ती आखताना तिच्या हातून मागच्या दोघांची अदलाबदल झाली. ठिपका डावीकडे, आणि घंटा वाजायची उजवीकडच्या भावाच्या तोंडून. प्रेरणाची नजर सारखी स्क्रीनवर. ठिपका जागेवर दिसत होता, म्हणून तिला सगळं बरोबर वाटलं. मला मात्र कळत होतं. पण मित्रांनो, स्पीकरला दिलं तेवढंच बोलता येतं. आठ दिवस मी तसाच बसून राहिलो.

त्याच सुमारास तिची आई सरूबाई गावाहून आली होती. काचबिंदूने तिची नजर गेली, म्हणून उपचारांसाठी लेकीने तिला ठेवून घेतलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात ती भिंत चाचपत फिरायची. "इथं मला कायबी ऐकू येत नाय," म्हणायची. कान तर ठणठणीत होते.

ते ऐकून प्रेरणा एका रविवारी गावी गेली. अंगणात आई बसायची त्याच जागी तिने चार दिशांना चार माईक लावले आणि तिथली सकाळ टिपून आणली. सोमवारी दुपारी आईला आमच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. नाटकासाठी आखलेली वाट तयारच होती, त्याच वाटेने अंगण सोडलं.

समोर विहिरीची मोटार घरघरली. साळुंक्या भांडू लागल्या. मग मागून गाय हंबरली आणि सरूबाईचा नवरा पुंजाराम गाईला म्हणाला, "थांब गं, पाणी आणतो."

सरूबाईने पदर डोळ्यांना लावला. मग तिने हळूच मान वळवली.

"पोरी, गोठा उजव्या हाताला कव्हा बांधला?"

"नाय माय, डावीकडंच हाय. हे बघ की स्क्रीनवर," प्रेरणा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"मला दिसत नाय म्हणून तर इचारते. तुझा बाप उजवीकडून बोलू राहिला."

प्रेरणा आईच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. मग ती कॉम्प्युटरकडे गेली. घंटेची फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी मिहिरकडे जाणार होती. तिने वाट नीट केली आणि अंगण पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

या वेळी गाय माझ्यातून हंबरली. पुंजाराम माझ्यातून बोलला.

"आता घरी आले मी," सरूबाई म्हणाली.

संध्याकाळी प्रेरणाने मिहिरला फोन करून झालेली चूक सरळ सांगितली. नाटकाच्या दिवशी ती आईला घेऊन गेली. घंटा वाजली, सगळी पोरं डावीकडे वळली आणि दारात कंदील होता. हे मला तिनेच परत येऊन सांगितलं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू कोपऱ्यात गप्प बसलेली असेल, तर तिची धूळ पुसा. तिची तार तपासा. अधूनमधून तिला एकटीलाच वाजवून बघा. तिच्यात काही बिघडलं असेल, तर ती आपणहून सांगणार नाही.

आता रोज काम सुरू होण्याआधी प्रेरणा आम्हाला एकेक करून वाजवते आणि सरूबाई खुर्चीत बसून कोण बोललं ते ओळखते. माझी पाळी आली की ती जरा जास्त वेळ ऐकते आणि म्हणते, "हा गोठ्याकडचा. ह्याला वाजू दे अजून जरा."