राजदूतासमोरचं गाऱ्हाणं

दूतावास म्हणजे काय, हे लालबागच्या डंकावर मिरची कांडणाऱ्या लवूकाकाला पाच महिन्यांपूर्वी ठाऊक नव्हतं. आता विचारा. कोण ‘उद्या या’ म्हणतं, कोण फोनच उचलत नाही, सगळं पाठ. कारण त्याचा एकुलता एक विनीत त्या लांबच्या देशातल्या गोदीत क्रेनखाली सापडून गेला, आणि अजून तिथेच होता. शवागारात. कंपनीनं गाशा गुंडाळला. पोलिसांची चौकशी काही संपेना. तिथला आपला दूतावास म्हणे, त्यांच्या सरकारनं सोडल्याशिवाय आम्ही तरी काय करणार?

आणि नशीब बघा मेलं! त्याच देशाच्या दूतावासाच्या मुंबईतल्या कचेरीत लवूकाकाची सख्खी पुतणी दुभाषी होती. श्रेया. चाळीतली पहिली पोरगी जी परक्या देशाची भाषा शिकून असल्या कचेरीत बसली. सगळ्यांना वाटलं, आता काय, घरचंच काम! ती बिचारी तीनदा मनवा मॅडमकडे गेली. मॅडम दादरच्या, कचेरीचा कारभार त्यांच्या हातात, बोलायला अगदी गोड.

“हे बघ श्रेया, तुझ्या घरचं दुःख मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पण तो विषय नाजूक आहे. आपण इथे दोन देश जोडायला बसलोय, त्यात घरचं आणू नकोस. पुढच्या महिन्यात तुझी नोकरी पक्की व्हायची आहे, ते लक्षात ठेव.”

इकडे घरात नुसता जीव टांगणीला. प्रेत नाही म्हणून सुतक नाही, दिवस नाहीत, काही नाही. विनीतची आई, गंगुबाई, रडतसुद्धा नव्हती. रडले तर तो गेला म्हणायचा, असं तिचं. दोन्ही वेळा भाकऱ्या भाजायची आणि भिंतीकडे बघत बसायची.

तेवढ्यात दोन देशांच्या मैत्रीला चाळीस वर्षं झाली. दिल्लीहून खुद्द राजदूत येणार, दादरला सभागृहात मोठा कार्यक्रम. मनवा मॅडमना त्यात काहीतरी ‘अस्सल कोकणी’ हवं होतं. श्रेयानं काकाचं नाव सुचवलं. लालबागच्या गणेश मंडळात दर वर्षी गाऱ्हाणं तोच घालायचा. देवापुढे एकानं मोठ्यानं मागणं मांडायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा. देवासमोर एकदा होकार दिला की तो माणूस बांधला गेला, असं लवूकाका मानायचा. नुसतं मानायचा नाही, त्यावर भांडायचा.

“सायबाक भेटूक देयत नाय मां?” तो श्रेयाला म्हणाला. “मगे मी देवाक सांगतंय. सायब समोरच बसतलो. तू फकत त्येच्या कानात सांग, मी काय म्हणतंय ता.”

“सांगते काका. शब्दन् शब्द सांगते.”

“गळ्याशपथ?”

“गळ्याशपथ.”

आणि तिला खरंच सांगायचं होतं हो. आदल्या दिवशी आरशापुढे उभं राहून तिनं ती वाक्यं त्या भाषेत घोटली होती. माझा चुलतभाऊ. पाच महिने. कृपा करा.

शनिवारी सकाळी सभागृह गच्च भरलं. दोन देशांचे झेंडे, झेंडूच्या माळा, पहिल्या रांगेत सुटाबुटातली माणसं. राजदूत म्हातारा, हसरा, चेहऱ्यावरून मायाळू वाटणारा. श्रेया त्याच्या खुर्चीमागे वाकून उभी. तिच्या शेजारी मनवा मॅडम. निवेदकानं लोकांना कधी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं ते शिकवलं, आणि राजदूतानंही ओठ हलवून ते घोकलं. लोक खूश!

लवूकाका धोतर नेसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून पुढे आला. हातात नारळ.

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या धन्या! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. त्येंची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

श्रेयानं हे नीट सांगितलं. राजदूतानं मान डोलावली.

“माझो झील विनीत, पोटासाठी ह्या सायबाच्या मुलखात गेलो. थंयच त्येचा वायट झाला. पाच म्हयने त्येका बर्फात घालून ठेवलो हा. त्येका आग लावक कोण नाय, तोंडात पाणी घालूक कोण नाय. ह्या सायबाच्या मनात दया घाल, आणि माझो झील माका परत हाडून दे रे म्हाराजा!”

मागच्या रांगांत लालबागची माणसं होती, ती एका दमात ओरडली, “व्हय म्हाराजा!” पुढच्या रांगांतल्या मालवणी न कळणाऱ्यांनीही री ओढली. राजदूतानं प्रश्नार्थक मान मागे वळवली.

मनवा मॅडमनी श्रेयाला हातही लावला नाही. फक्त तिच्याकडे पाहिलं. तसं कुणीही पाहतं. पण पोरीला पुढच्या महिन्यात पक्की व्हायची नोकरी आठवली. आरशापुढे घोटलेली वाक्यं बाजूलाच राहिली.

“दोन्ही देशांची मैत्री अशीच वाढो, असं ते देवाकडे मागतायत,” ती त्याच्या कानात म्हणाली.

राजदूताचे डोळे भरून आले. तो उठला, दोन्ही हात वर केले आणि आपल्या बोबड्या उच्चारात, सगळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडला, “व्हय म्हाराजा!”

सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. लवूकाकाच्या हातातून नारळ सुटायचाच बाकी होता. राजदूत स्टेजवर चढला, मागोमाग श्रेया. लवूकाकाचे दोन्ही हात हातात घेऊन तो काहीतरी बोलला. फोटोवाले धावले.

“काय म्हणता गो सायब?” काकानं विचारलं.

साहेब म्हणत होता, अशा प्रार्थनांची जगाला गरज आहे. अजूनही वेळ होता. तो माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता, काकाचे हात पकडून, एका वाक्याचं काम होतं. श्रेयाला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तरी तिच्या तोंडून निघालं, “म्हणतात, तुमचं गाऱ्हाणं पोचलं.”

लालबागला पोचेपर्यंत लवूकाका टॅक्सीत कसाबसा दम धरून होता. चाळीच्या जिन्यावर मात्र त्याला धीर धरवेना. “गंगू! गो गंगू! सायबान देवासमोर सबूद दिल्यान! आपलो झील येता!”

गंगुबाई दारात आली. श्रेयाकडे बघून तिनं विचारलं, “खरां?”

श्रेयानं मान डोलावली. आणि मग ती बाई रडली. पाच महिन्यांचं रडली, उंबऱ्यावर कपाळ आपटून, सगळी चाळ गोळा होईपर्यंत. बायकांनी तिला धरून ठेवलं. कुणीतरी गावाला फोन लावला. कुणी म्हणालं, भोईवाड्याच्या स्मशानात आधी सांगून ठेवू. श्रेया कठड्याला टेकून उभी होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्या पाठीवर हात फिरवून जात होता.

मनवा मॅडमचा फोन आला तो त्याच गर्दीत. “शाब्बास! प्रसंग छान सांभाळलास. साहेब इतके खूश आहेत, पुढच्या महिन्यात दिल्लीला दूतावासात त्यांना हेच गाऱ्हाणं हवंय. काकांना विचार. आणि तुझं पक्कं झालं समज.”

फोनमधला दिल्ली हा शब्द काकानं ऐकला. “काय गो? दिल्लीक बोलवल्यानी?”

“हो काका. पुढच्या महिन्यात.”

“माका वाटलाच!” तो लोकांकडे वळला. “विमान दिल्लीकच उतारता मां! थंयच झीलाक ताब्यात देतले. म्हणान बोलवतत!”

श्रेयानं तोंड उघडलं. सगळी चाळ तिच्याकडे बघत होती. तिनं ते मिटलं.

गंगुबाई भिंतीला धरून उठली. पदरानं नाक पुसून तिच्यापाशी आली आणि तिचा हात धरून हळूच म्हणाली, “मी पण येतंय. दिल्लीक थंडी आसतली मां? त्येचो स्वेटर घेव काय गो?”

“घे काकू,” श्रेया म्हणाली.