दहांचा एक पुनाजी

सेलूच्या आमच्या फुटबॉल संघाची वही मी ठेवत असे. कोण आला, कोणी दांडी मारली, गोल किती झाले. एकोणीसशे चौपन्नच्या भादव्यात हिंगणघाटला गिरणीवाल्यांच्या संघाशी कपाचा सामना झाला, त्या पानावर गोलांचा रकाना तेवढा कोरा आहे. आम्ही हरलो हे नक्की. किती गोलांनी, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

रकाना कोरा राहिला तो बापूरावमुळे. बापूराव शिंपी, कपडे शिवायचा म्हणून गावाचा मास्तर, आमचा गोलकीपर, रुंदी बघून निवडलेला. चेंडू अडवण्यापेक्षा चेंडूला जागाच ठेवायची नाही, ही त्याची पद्धत. पुनाजी डाव्या बाजूला खेळे, अनवाणी. त्याला एकच खोड, आपल्या जागेवर थांबत नसे. दुसऱ्याचं काम पडलेलं दिसलं की तेही उरकायचा. उत्तरार्धात चेंडू आमच्या गोलाकडे निघाला तेव्हा तो अडवायला पुनाजी पार मागे धावला, आणि नेमका त्याच क्षणी, वर्षातून एकदा झेपावणारा बापूराव झेपावला. खाली पुनाजीचा डावा पाय होता. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. चेंडू सावकाश गोलात गेला, रेफरीने शिटी वाजवली, पण तो चेंडू परत आणायला दोन्ही संघांतलं कोणीच गेलं नाही. पुढे खेळ झाला, पण तो कोणी पाहिला असेल तर आमच्यापैकी नाही.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, दोन महिने पाय जमिनीला लावायचा नाही.

पुनाजीचं लग्न अडलं होतं ते याच दोन महिन्यांवर. तो जंगलूबाबाच्या घरी लमझना होता. गोंडांतली ही रीत. मुलाकडे द्यायला काही नसलं तर त्याने होणाऱ्या सासऱ्याच्या वावरात ठरलेली वर्षं राबायचं, मग मुलगी मिळते. जंगलूबाबाची गंगा, आणि बोली तीन पावसाळ्यांची. दोन पुरे झाले होते, तिसरा दिवाळीला संपायचा होता. मध्ये काम थांबलं की बोली मोडली. आर्वीकडचा एक मुलगा दोनदा येऊन जंगलूबाबाकडे पान खाऊन गेला होता, हेही सेलूत सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही सगळे जंगलूबाबाकडे गेलो. तो अंगणात विडी ओढत बसला होता. पुनाजी पडवीत खाटेवर. गंगा दाराआड होती, बांगड्या मात्र दाराबाहेर ऐकू येत होत्या.

"बाबा, चूक माही हाय," बापूराव म्हणाला. "दिवाळीपावतर त्याचं काम आमी करतो. पाळीपाळीनं."

जंगलूबाबाने त्याला खालून वरपर्यंत मापून घेतलं. "मास्तर, तुले वाकता येते?"

"येते ना."

"मंग तो चेंडू काऊन नाई अडवला वाकून?"

पहिलं हसू पडवीतून आलं, पुनाजीचंच.

"पाहू," जंगलूबाबाने विडी विझवली. "तुमी दहा जण मिळून एक पुनाजी होते का."

नाही झाला. पहिल्या आठवड्याची माझ्या वहीतली नोंद अशी: बापूरावने तणासोबत कपाशीची अकरा झाडं उपटली. आमचे सेंटर फॉरवर्ड शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी बांध ओलांडून अर्धा दिवस शेजाऱ्याच्या वावरात निंदण केलं. आणि बैल तर डवऱ्याला, म्हणजे तण काढायच्या औताला, जुंपले की हलतच नव्हते. आम्ही हाकललं की मान वळवून पाहत, हा कोण आला म्हणून.

"मले बांधावर नेऊन ठेवा," आठव्या दिवशी पुनाजी म्हणाला. "त्याइले माह्या आवाजाची सवय हाय."

चौघांनी खाट खांद्यावर घेतली आणि बाभळीखाली ठेवली. पुनाजीने तिथून नुसतं "चाल रे राजा" म्हटलं आणि बैल निघाले. मागे डवरा धरलेला बापूराव त्यांच्यामागे ओढला गेला. तेव्हापासून हेच ठरलं. रोज सकाळी खाट बांधावर, संध्याकाळी घरी. आणि दिवसभर खाटेवरून सूचना: "मास्तर, ते तण नोय, तूर हाय." दुपारी गंगा भाकरी आणायची. पहिली खाटेवर जायची, सगळ्यांत लहान बापूरावला. बापूरावने कधी तक्रार केली नाही. ती भाकरी तो पुरवून पुरवून खायचा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी जंगलूबाबाने सगळ्यांना अंगणात बसवलं.

"तुमचा एकही दिवस मी धरत नाई," तो म्हणाला.

बापूरावचा चेहरा उतरला. "बाबा, कंबर गेली माही."

"गेली असन. पण बैल कोनाच्या आवाजानं चालले? वावर कोनाच्या नजरंत होतं? खाटंवरून का व्हयना, दिवस त्याचेच भरले. तिसरा पावसाळा पुरा झाला."

दाराआडच्या बांगड्या एकदम खळखळल्या.

"आन् आमी जे केलं ते?" भूगोल मास्तरांनी विचारलं.

"तुमी त्याचा पाय मोडला, तुमीच त्याले वाह्यलं. फिटलं ते."

माघात लग्न निघालं. प्लास्टर निघालं होतं, पण पाय अजून ताठच होता. मांडवात न्यायची वेळ झाली तेव्हा, सवयीने म्हणा, आम्ही चौघे खाटेला खांदा द्यायला वाकलो.

"ठेवा ते खाट," जंगलूबाबा म्हणाला. "किती दिवस वाहता त्याले? चालू द्या."

पुनाजी चालला. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मग दुसरं. त्याच्या मागे एका पावलावर बापूराव होता, गुडघ्यांत वाकून, दोन्ही हात पसरून. गोलासमोर इतक्या वर्षांत तो एकदाही असा उभा राहिला नव्हता.