दुपारचा अबोला

मूल झोपतं तेव्हा त्याच्याबरोबर त्याची अख्खी संस्कृती झोपते, असं पाळणाघराच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलेलं होतं. दुसऱ्या पानावर असं होतं की, जे मूल दुपारी एक ते तीन झोपणार नाही, त्याचा प्रवेश दोन आठवड्यांत रद्द होईल.

बटण, वय पावणेचार, नऊ दिवस दुपारची झोपली नव्हती. तिच्या आईला रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नुकतीच नोकरी लागली होती. पाळणाघर सुटलं की नोकरीही सुटणार होती.

"नुसती झोपत नाही म्हटलं तर चालवून घेतलं असतं हो," पाळणाघराच्या ताई म्हणाल्या. "पण पडदे ओढले, सगळी गप्प झाली की ही उठते. एकेकाच्या गादीपाशी जाते, हलवते आणि विचारते, 'तू रुसलास?' काल अकरा मुलं रडत उठली. बारावा तर हो म्हणाला."

आईचं माहेर शिक्षकांचं. तिथे आठ वाजता दार लागे, मग घड्याळसुद्धा जपून टिकटिक करी. सासर शिंप्याचं: दुकानामागे एकच खोली, तीन मशिनं, आणि आजोबा नि आत्या यांचं काजाच्या मापावरून बारमाही भांडण. नोकरीसाठी घर बदलेपर्यंत बटण त्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यावर ढाराढूर झोपत आली होती. तिथे शांतता एकाच कारणानं व्हायची. कुणीतरी अबोला धरला की. मग समजूत काढायला बटणलाच पुढे करायचे.

"ती समजूत काढतेय," आई हळूच म्हणाली.

"कुणाची?"

"तुम्हां सगळ्यांची."

दुसऱ्या दिवशी दुकान सोडून आत्या आली. पालकांना आत बसायला बंदी होती. "आत्या पालकांत मोडत नाही," असं सांगून ती स्वयंपाकघराच्या दारात बसली. एक वाजला. पडदे ओढले गेले. बटण उठून बसली.

"एप्रनला खिसा तिरका कुणी लावला हो?" आत्यानं स्वयंपाकीणबाईंना विचारलं.

"मीच."

"वाटलंच."

"तुमच्या बोलण्यापेक्षा सरळ आहे."

"खिसा आहे की घसरगुंडी?"

बटणनं कान टवकारले. घरात सगळं आलबेल आहे अशी खात्री करून घेतली आणि कुशीवर वळली. सात मिनिटांत ती झोपली. वीस मिनिटांत बाकीचेही. रुसलेला बारावा सर्वांत आधी घोरायला लागला.

आत्याला रोज येणं शक्य नव्हतं, तेव्हा ताईंनाच भांडायला शिकावं लागलं. आपल्यावर तसे संस्कार नाहीत, असं त्या म्हणाल्या. आत्यानं दोन दुपारी शिकवणी घेतली. चौथ्या दिवशी ताई मिठाच्या बरणीवरून असं काही बोलल्या की स्वयंपाकीणबाईंना खरंच राग आला. मुलं साडेतीनपर्यंत उठली नाहीत. वेळापत्रकात 'विश्रांती (वादासह)' अशी नोंद झाली. आईची नोकरी पक्की झाली, आणि त्या आनंदात तिनं घरी नवऱ्याशी टॉवेलावरून मोठ्यानं वाद घातला, लग्नानंतर पहिल्यांदाच.

तीन महिन्यांनी बटणला चार वर्षं पूर्ण झाली. चार वर्षांवरच्या मुलांना पाळणाघरात दुपारी झोपवत नाहीत.