शकूचा सहावा पेपर

"मॅडम, पुरवणी!" तिसऱ्या रांगेतल्या मुलीने हात वर केला आणि शकू पेन ठेवून उठली.

सव्वीस वर्षांची सवय. डोंबिवलीच्या या कॉलेजात परीक्षेला कुणीही हात वर केला की पुरवणी, दोरा नाहीतर पाणी घेऊन धावायचं काम शकूचंच. टेबलापाशी जाऊन तिने गठ्ठ्याला हात घातला, तेव्हा पर्यवेक्षक मृणाल मॅडम हळूच म्हणाल्या, "अहो शकूताई, आज तुमचा पेपर आहे ना? बसा बघू."

वर्गात खसखस पिकली. शकूही हसली, पण तिचे कान तापले. पाऊण तास उरला होता आणि पाचांपैकी तीनच प्रश्न लिहून झाले होते.

बी.ए.चा हा शेवटचा पेपर, अर्थशास्त्राचा. त्यात पास झाली तर शिपाई शकूला कारकून होता येणार होतं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. आता नाही तर कधीच नाही.

शेवटच्या वर्षाचे आधीचे पाच पेपर कोरोनाच्या काळात घरबसल्या झाले होते. विठ्ठलवाडीच्या खोलीत, मोबाइलवर. एक तास, पन्नास प्रश्न, चारांतला एक पर्याय निवडायचा. पहिल्याच पेपरला शकूचं बोट भलतीकडे पडलं आणि शेजारी बसलेल्या मुलीने, कृतिकाने, फोन हातातून घेतला तो घेतलाच.

"आई, तू चहा टाक. मी करते टिक."

"अगं, पण परीक्षा माझी आहे ना?"

"सगळे असंच करतायत. तू काय जगावेगळी आहेस?"

शकूने चहा टाकला. पाचही पेपरांना टाकला. एकातही ऐंशीच्या खाली गुण नव्हते! सहाव्या पेपरच्या वेळेलाच कृतिकाची स्वतःची परीक्षा आली. घरात फोन एकच. आईने आपला पेपर सोडून दिला.

पुढे परीक्षा पुन्हा वर्गात आल्या आणि शकूचा धीर सुटला. घरच्या परीक्षेत नापास व्हायला अक्कल लागत होती. इथे पास व्हायला हात चालायला हवा. झाडूवर दिवसभर चालणारा शकूचा हात पेन धरून अर्ध्या तासात आखडायचा. काही वर्षं तिने फॉर्मच भरला नाही. मग एका जूनपासून रोज तासभर आधी कॉलेजात यायला लागली, आणि रिकाम्या वर्गात बाकावर बसून पानंच्या पानं लिहायला लागली.

आता मागणीच्या नियमाची व्याख्या काही केल्या आठवेना. शेवटी तिने कांद्यावर लिहिलं. भाव चढला की आपण दोन किलोऐवजी अर्धाच घेतो, आणि उतरला की पुन्हा दोन. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाचवा प्रश्न अर्धाच झाला.

निकालाला दोन महिने लागले. शंभरापैकी एक्केचाळीस. पास व्हायला चाळीस लागतात.

"एक्केचाळीस?" कृतिकाचं तोंड उतरलं. "कुणी विचारलं ना, तर आजारी होते म्हणून सांग."

विचारलं ते हेडक्लार्क प्रशांतने. बढतीचा अर्ज तपासताना तो म्हणाला, "शकूताई, फर्स्ट क्लास आलाय तुम्हाला, मस्त! पण इथे कशा घसरल्या? बाकी सगळीकडे तर ऐंशीच्या वर."

आजारपण ओठांवर आलं होतं. शकूने ते गिळलं.

"तेवढाच मी लिहिलाय, साहेब."

प्रशांतने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ऑफिसात तिसरं कुणी नव्हतं.

"हे मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "गुणपत्रिका लावा अर्जाला, मी सही करतो."

शकूने सगळ्या गुणपत्रिकांच्या कडा नीट जुळवल्या. एक्केचाळीसचा कागद काढून सगळ्यात वर ठेवला, आणि टाचणी लावली.