उणे दहावरचा थेंब

भाविका तीन वर्षं घरी आलेली नाही, आणि कारण काय, तर पाण्याचा थेंब. माझी पोर नॉर्वेत संशोधन करते. शून्याखाली थंड केलेल्या काचेवर पाणी पसरतं की गोळा होऊन बसतं, हे ती बघते. यंत्र एकदा थंड केलं की सोडून येता येत नाही म्हणे. यंदाच्या शिमग्यालाही जमणार नाही असं ती म्हणाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

काचेवरचं पाणी मी तिला शिकवलंय. आमच्या होडीच्या केबिनच्या काचेवर कापलेला बटाटा चोळायचं काम लहानपणी तिचंच. चोळलं की पाणी थेंबथेंब न राहता सपाट पसरतं आणि समोरचं दिसतं. एवढ्यासाठी नॉर्वे कशाला?

माझा मेव्हणा शिवा मिरजोळ्याच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजात सुपरवायझर आहे. "तिथे प्रयोग मीच करतो," मी बायकोला म्हटलं. "मग पोरीला सबब उरायची नाय."

"लोक हसतील," गुणवंती म्हणाली.

"हसूंदेत."

भाविकाची एक काचपट्टी कपाटात राहिली होती. ती घेऊन मी उणे दहाच्या खोलीत कुडकुडत उभा राहिलो. श्वासाची वाफ काचेवर धरली. वर थेंब सोडला, तर तो पसरेचना, टम्म उभा राहिला. मी ऐटीत फोटो पाठवला.

संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, काच कशाने पुसलीत?"

"लुंगीने."

ती हसली. "बोटाचं तेल लागलंय. तेलावर पाणी पसरत नाय. आमच्याकडे काचेला कुणी हातसुद्धा लावत नाय." "फोटोत तुमच्या अंगठ्याचा ठसा दिसतोय. गरीचा काटा लागल्याची खूणपण."

"धुऊन पुन्हा करतो."

"नको. तशीच पाठवा. धुऊ नका."

"प्रयोगाला चालेल?"

"प्रयोगाला नाय, बाबा."

तिचा आवाज चिरकला. तोवर मला वाटायचं, आठवण फक्त इकडच्यांनाच येते. शिमग्याचं पुन्हा विचारणार होतो, ते राहूनच गेलं.

फोन ठेवून मी मागच्या दारी गेलो. गुणवंती बांगडे साफ करत होती. काचेचं कोरं टोक तिच्यापुढे धरलं आणि सगळं सांगितलं. ती हात धुवायला उठली.

"धुऊ नको," मी म्हटलं. "अंगठा तसाच टेकव."