धुरपदाबाईची घागर

“त्या धुरपदा म्हातारीला चांगली चांगली म्हणू नका, मास्तरीन,” एस्तेरच्या हातात बांगडी चढवता चढवता चाँदबी म्हणाली. “चांगली म्हणून म्हणूनच लोकांनी तिला मारायला काढलीया.”

एस्तेर हसली. चाँदबी मणेरीण. कळंबातल्या दर घराचा उंबरा तिच्या पायाखालचा, आणि दर घराची कागाळी तिच्या बांगड्यांच्या पाटीत. तिचं किती मनावर घ्यायचं?

“चांगल्याला चांगलं म्हणू नको, तर काय म्हणू?”

“म्हणा की. म्या मुसलमानाची बाई, तुमच्या मंडळीत माझं कोन ऐकतंय. हात ढिला सोडा, फुटंल.”

तेवढ्यात मांडीवरचं बाळ शिंकलं आणि एस्तेरच्या मनातून चाँदबी पार गेली. बाळ शिंकलं की तिला न्यूमोनिया दिसायचा. बाळ गप्प निजलं की ती नाकाशी बोट धरून बघायची. सोलापुरात कॉलेज शिकलेली पोरगी, पण पहिलटकरणीच्या भीतीपुढं कॉलेज काय करणार? बाळाचं पाणी ती दोनदा उकळायची. दुपटी दोन पाण्यांतून काढायची, मग गरम पाण्यातून. ते सगळं पाणी आडावरून यायचं, आणि आणायची धुरपदाबाई. घरातल्या एवढ्याएवढ्या गोष्टीवर डोळा ठेवणाऱ्या एस्तेरनं ते पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं, तेवढं पाहिलं नव्हतं.

निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं होत आली होती. गावाच्या कडेला पत्र्याचं चर्च, शेजारी मिशनची शाळा, आणि भोवती ख्रिस्ती मंडळीची थोडी घरं. एस्तेरचा नवरा शमुवेल त्या शाळेत मास्तर. धुरपदाबाई चर्चच्या मागच्या खोलीत राहायची. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही. चर्च झाडायची, घंटा वाजवायची, बायांची बाळंतपणं करायची, आणि सगळ्या घरांचं पाणी भरायची. एस्तेरचं बाळही तिच्याच हातावर आलं होतं. कुणी ‘बरंय का, धुरपदाबाई?’ म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: “बरं हाय, प्रभूची किरपा.” एवढं ऐकून विचारणारा पुढं जायचा. विचारायचंही एवढ्याचसाठी असायचं.

त्या वर्षी सुगीच्या तोंडावर पाळकसाहेबांनी एस्तेरला महिला मंडळापुढं सद्गुणांवर बोलायला सांगितलं. “तुम्ही शिकलेल्या. सोपं करून सांगा.”

तिनं सोपं केलं. “सद्गुण म्हणजे एकदा कधीतरी केलेलं चांगलं काम नव्हे,” ती म्हणाली. “भाकरीसारखं आहे ते. पहिली तुटते, दुसरी करपते. थापता थापता हाताला वळण लागतं, मग हाताला विचारावंसुद्धा लागत नाही. न्यायाचं, धीराचं तसंच वळण लागावं लागतं.”

“माझ्या सासूच्या हाताला चिमटे काढायचं वळण हाय,” मागून एक जण म्हणाली. “त्यो कोन्चा गुन म्हणायचा?”

बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. हसू ओसरल्यावर एस्तेरनं सातही गुण सांगितले. शहाणपण, न्याय, धीर, संयम. आणि त्यांच्यावर विश्वास, आशा, प्रीती. सातांची एकच दावण, असंही ती म्हणाली. एक सोडलं की बाकीची उधळतात. पाळकाची बायको रुद्रम्मा पुढं बसली होती. तिनं विचारलं, “आन सुख? त्याचं काय?”

“चांगलं करताना ज्याचा जीव कुरकुरत नाही, तो सुखी,” एस्तेर म्हणाली, आणि उदाहरण शोधताना तिची नजर दाराकडं गेली. दारात, चपलांजवळ, धुरपदाबाई बसली होती. “लांब कशाला जायचं? धुरपदाबाईंकडं बघा. कधी कुणाला नाही म्हटलंय?”

सगळ्या माना वळल्या. म्हातारीनं पदर तोंडावर ओढला. पदराआडचं लाजरं, पोरीसारखं हसू एस्तेरनं पाहिलं आणि तिला आपलाच धडा फार आवडला.

दुसऱ्या दिवसापासून आडावर नवीन थट्टा सुरू झाली. “सद्गुणी बाई, आमची बी एक खेप टाका की.” आणि धुरपदाबाई टाकायची.

सुगीच्या उपकारस्तुतीचा सण आला. त्या दिवशी मंडळी नव्या ज्वारीची कणसं, करडई, हरभरा, कुणी कोंबडी, असं वेदीपुढं आणून ठेवते, आणि मग सगळ्यांचं जेवण होतं. आदल्या दुपारी जेवणाचे रांजण भरायचं काम अर्थातच धुरपदाबाईकडं. म्हणून एस्तेर त्या दिवशी स्वतःच बाळाची दुपटी धुवायला आडाकडं निघाली होती. वाटेत बाभळीखाली घागर उतरवलेली दिसली. पलीकडं म्हातारी उकिडवी बसली होती, एक हात खोडाला, दुसरा लुगड्याच्या आत. डोळे घट्ट मिटलेले. ती काहीतरी आत ढकलत होती. मग तिनं दम घेतला, हात मातीला पुसला, चुंबळ नीट केली आणि घागर पुन्हा डोक्यावर घेतली. हिंदकळलेल्या पाण्यानं डोक्यावरचा पदर भिजला.

एस्तेर नुकती बाळंतीण. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“धुरपदाबाई, काय होतंय तुम्हाला?”

“बरं हाय, प्रभूची किरपा,” म्हातारी म्हणाली आणि चालू लागली. लुगड्याला मागून डाग पडला होता.

एस्तेर तशीच रुद्रम्माकडं गेली. रुद्रम्मा तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

“अंग बाहेर येतंय तिचं. लई दिस झालं की.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“सगळ्यांनाच ठाऊक हाय. बार्शीच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, टाके घालाया पायजेत, वझं उचलू नको. नाताळ झाला की पाठवणारच हुतो, मग पाहुणे आले. आता हा सण होऊन जाऊ दे. तिची तक्रार हाय का? लई सोशीक बाई.”

तांदळातला खडा रुद्रम्मानं नेमका हेरला आणि बाजूला टाकला. एस्तेर उंबऱ्यातूनच मागं फिरली. ठाऊक होतं. ज्या बाया धड्याला हसल्या होत्या, त्या सगळ्यांना ठाऊक होतं. चाँदबीला ठाऊक होतं. आपल्यालाही सांगितलं होतं तिनं, आणि आपण बाळाच्या शिंकेकडं बघत बसलो. ती घरी आली. दुपट्यांसाठी ठेवून गेलेलं पाणी चुलीवर उकळत होतं. त्या वाफेकडं बघवेना, म्हणून तिनं जाळ ओढला.

सणाच्या भक्तीला चर्च भरलं होतं. पुरुष एकीकडं, बाया एकीकडं, पुढं कणसांची रास. पाळकसाहेब रंगात आले. “आपल्या एस्तेरबाईंनी सद्गुण शिकवले. ते पाहायला पुस्तक नको. आपल्यात धुरपदाबाई आहेत. किती सोसतात, तरी तोंडातून शब्द नाही. आपण सगळ्यांनी त्यांच्यासारखं व्हावं.”

“तुमच्यापैकी कोण होणार आहे?”

चर्चमध्ये बाई मध्येच बोलत नाही. कुणाचा आवाज ते लोकांना आधी कळलंच नाही. एस्तेर उभी होती, बाळ खांद्यावर. पलीकडं शमुवेलचा चेहरा पांढरा पडला होता.

“मी सात गुण सांगितले होते,” ती म्हणाली. “तुम्ही एकच उचललात, आणि तोही तिच्या डोक्यावर दिलात. न्याय करायची पाळी आपली आली, की आपण दुसऱ्याच्या सोसण्याचं कौतुक करत बसतो.”

“बाई, खाली बसा,” पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. “राग हा काही सद्गुण नव्हे.”

“नसेल. पण तिचं अंग बाहेर येतंय. हातानं आत ढकलते आणि आपल्या जेवणाचं पाणी आणते. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय, ते तुमच्या घरात माहीत आहे. ह्याला कोणता गुण म्हणायचा ते सांगा, मग बसते.”

पुरुषांनी माना खाली घातल्या. बायांनी पदर ओढले. एवढ्या दिवसांत त्यांना त्या दुखण्याची लाज वाटली नव्हती. लाज वाटली ती चारचौघांत आलेल्या शब्दाची. दारातून धुरपदाबाई उठली आणि भिंतीला धरून बाहेर गेली. पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं.

घरी शमुवेल एवढंच म्हणाला, “हे मला एकट्याला आधी सांगता आलं असतं.”

“आणि तुम्ही काय म्हणाला असता?”

“सण होऊ दे, म्हणालो असतो,” तो म्हणाला, आणि बार्शीला न्यायचं बाळाच्या कपड्यांचं गाठोडं बांधायला लागला.

दुसऱ्या सकाळच्या एस.टी.त एस्तेर, बाळ आणि धुरपदाबाई बार्शीला निघाली. म्हातारी खिडकीकडं तोंड करून बसली. येडशी मागं पडल्यावर तिनं तोंड वळवलं.

“तुमी लई वाईट केलं, बाई.”

“मी?”

“घरधन्यानं टाकली, तवा गावानं काय काय नावं ठिवली. ह्या मंडळीत आले, आन लोक चांगली म्हणाया लागले. लेकरू न्हाय, रान न्हाय. तेवढंच हुतं माझं. त्ये बी तुमी कालच्याला काढून घेतलं. आता कोन म्हणंल मला चांगली? म्हणत्याल, अंग बाहेर आलेली ती.”

सात गुणांपैकी एकही एस्तेरच्या मदतीला आला नाही. तिला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, कालच्याहून मोठा. एवढ्या राबण्याच्या बदल्यात मंडळीनं ह्या बाईला एक शब्द दिला होता, द्यायला काही पडत नाही म्हणून. आणि त्या शब्दासाठी ती मरायला तयार होती.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. धुरपदाबाईनं न विचारता ते ओढून घेतलं, पालथं घातलं, पाठीवर थोपटलं. “वारं भरलंय प्वाटात. लई जपता, तरी एवढं कळंना व्हय तुमाला?” आणि ढेकर निघाल्यावर, किती तरी वेळानं, जराशी हसली.

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. परतल्यावर पाळकसाहेबांनी आडावर एक गडी लावला. चांगलं झालं, सगळेच म्हणाले. पण पाणी भरत नसलेल्या धुरपदाबाईशी कुणाला बोलायचं काम उरलं नाही. ‘बरंय का’ विचारायलाही कुणी थांबेना. चाँदबी तेवढी पाटी टेकायची तिच्या दारात. पुढं उन्हाळ्यात शमुवेलची बदली अणदूरच्या शाळेत झाली. का झाली ते कुणी बोललं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

निघायच्या दिवशी एस्तेर खोलीवर गेली तेव्हा म्हातारी घागर चिंचेनं घासत होती. तांबं नुसतं लखलखत होतं.

“आता कशाला घासता?”

“सवय हाय. हाताला वळण लागलंय न्हवं? तुमीच म्हणला हुता.”

एस्तेरनं घागर उचलली आणि सामानाच्या गाडीत ठेवली. धुरपदाबाई नको म्हणाली नाही. ती कधीच कुणाला नाही म्हणत नसे.

ती घागर आता अणदूरला, एस्तेरच्या चुलीशेजारी पालथी पडलेली असते. ती एकदाही भरलेली नाही. पण कळंबात घागरी पुष्कळ आहेत. तो गडी सुगीला गावाकडं जातो, आणि कुणीतरी त्या दारात उभं राहून गोड आवाजात म्हणू शकतं, धुरपदाबाई, तुमच्यासारखी बाई मिळायची नाही.

तेव्हा कळंबच्या स्टँडवर कधी उतरलात, तर चर्चच्या मागं एक खोली आहे, तिची कडी वाजवा. “बरं हाय, प्रभूची किरपा,” ती म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, पाणी मागू नका, आणि तिच्या डोक्यावरचा पदर ओला आहे का, एवढं हात लावून बघा.